गाडीचा ब्लोअर बंद पडला म्हणजे मोटर गेली असं नसतं, जुन्या गाडीतला दोष असा शोधायचा

कोल्हापुरात हिटरचं काम काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. इथं थंडी असून असून किती असणार? डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर घालावा लागतो, तेवढीच.

पण जुलै महिन्यात गगनबावड्याकडं गाडी काढा. बाहेर धो धो पाऊस, आत चार माणसं, सगळ्यांच्या काचा वर. करुळ घाटाच्या तोंडाला पोचेपर्यंत पुढची काच पांढरी फटक होते. वायपर जोरात फिरत असतात, पण वाफ आतून धरलेली असते, त्यामुळं वायपरचा काही उपयोग होत नाही. अशा वेळी तुम्ही डॅशबोर्डवरचा पंख्याचा नॉब फिरवता आणि हवाच येत नाही.

तेव्हा कळतं की हिटरचा ब्लोअर ही कोल्हापूरकरासाठी चैनीची गोष्ट नाही. गगनबावडा, आंबा घाट, राधानगरीकडून फोंडा घाट, कोकणात उतरायचं म्हटलं की असा एखादा घाट लागतोच. तिथं समोरचं दिसणं हा जिवाचा विषय असतो.

आता गाडी जुनी असेल, म्हणजे मारुती ८००, झेन, जुनी वॅगन आर, सँट्रो, इंडिका, सुमो, बोलेरो यातली काही, तर ब्लोअर बंद पडणं हे कधी ना कधी होतंच. आणि गॅरेजला गेलं की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "मोटर गेली."

कधी ती खरंच गेलेली असते. पण बऱ्याचदा गेलेला असतो फ्यूज, रेझिस्टर, एखादा जळका कनेक्टर किंवा अर्थिंग. म्हणून मोटरचे पैसे मोजायच्या आधी दोष नेमका कुठं आहे ते कसं ओळखायचं, हे बघूया.

आधी ब्लोअर म्हणजे काय ते समजून घ्या

ब्लोअर म्हणजे १२ व्होल्टवर चालणारी छोटी डीसी मोटर आणि तिच्या दांड्यावर बसवलेला पिंजऱ्यासारखा गोल प्लास्टिकचा पंखा. आपल्याकडं स्टेअरिंग उजवीकडं असल्यानं हा ब्लोअर बहुतेक गाड्यांत डावीकडं, ग्लोव्ह बॉक्सच्या मागं किंवा खाली असतो. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाच्या वर म्हटलं तरी चालेल.

हवा बाहेरून, म्हणजे पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून किंवा गाडीच्या आतून ओढली जाते. ती आधी एसीच्या कुलिंग कॉइलवरून जाते, मग गरज असेल तर हिटर कोअरवरून. हिटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनचं गरम कूलंट त्यातून फिरतं आणि हवा गरम होते.

म्हणजे मुद्दा असा की हिटरचा ब्लोअर आणि एसीचा ब्लोअर एकच. दोन्ही एकदम बंद पडले तर गॅस भरून काही होणार नाही. फक्त जुन्या गाडीत बाहेरून बसवून घेतलेला एसी असेल, किंवा मागच्या सीटसाठी छतात वेगळा एसी असेल, तर त्याचा ब्लोअर वेगळा असतो.

वेग कमी-जास्त कसा होतो? जुन्या, साध्या नॉबच्या गाड्यांत त्यासाठी रेझिस्टर असतो. पहिल्या नंबरला करंट रेझिस्टरच्या सगळ्या तारेतून जातो, म्हणून मोटर हळू फिरते. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला थोड्या तारेतून. आणि शेवटच्या नंबरला रेझिस्टर वगळून मोटरला पूर्ण ताकद मिळते. हा रेझिस्टर तापतो, म्हणून तो मुद्दाम ब्लोअरच्या हवेच्या मार्गातच बसवलेला असतो. त्याच हवेनं तो गार राहतो.

एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की अर्धं निदान गाडी न उघडताच होतं.

लक्षणं काय सांगतात

१) फक्त शेवटच्या नंबरला चालतो, बाकी नंबरला गप्प : मोटर ठणठणीत आहे. रेझिस्टर गेलाय. शेवटच्या नंबरला रेझिस्टर लागतच नाही, म्हणून तेवढाच चालतो. इथं मोटर बदलायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

२) मधलाच एखादा नंबर चालत नाही : नॉबच्या स्विचचा तेवढाच पॉइंट खराब झालेला असू शकतो.

३) खालचे नंबर चालतात, शेवटचा चालत नाही : स्विचचा शेवटचा पॉइंट, त्याची वायर किंवा ज्या गाडीत त्यासाठी वेगळा रिले आहे तो रिले.

४) कुठल्याच नंबरला चालत नाही : फ्यूज, रिले, स्विच, अर्थिंग, प्लग किंवा मोटर. इथं मात्र तपासावं लागतं.

५) खड्ड्यात गाडी आदळली की चालू होतो, किंवा ब्लोअरच्या डब्यावर टपली मारली की फिरतो : मोटरचे कार्बन झिजलेत. कार्बन म्हणजे आर्मेचरला करंट पोचवणारे ब्रश. ते आखूड झाले की कधी टेकतात, कधी सुटतात. ही मोटर जाण्याची सगळ्यात ओळखीची खूण.

६) चूं चूं आवाज, विशेषतः सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर : मोटरचा बुश कोरडा पडलाय.

७) खडखड किंवा फरफर आवाज : पंख्यात पान, कागद, काडी अडकलीय. झाडाखाली लावलेल्या गाडीत काचेखालच्या जाळीतून पानं आत जातात. शेतावर किंवा गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीत उंदीर तर थेट घर करतात.

८) मोटरचा आवाज जोरात, पण हवा कमी : मोटरला दोष देऊ नका. केबिन फिल्टर तुंबलाय, कुलिंग कॉइलवर धुळीचा थर बसलाय किंवा हवा वळवणारी आतली झडप नीट हलत नाही.

९) हवा भरपूर, पण गरमच होत नाही : हा ब्लोअरचा विषयच नाही. कूलंट कमी आहे का, थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का, हिटर कोअर तुंबलाय का, हिटरची केबल सुटलीय का, हे बघायचं.

१०) हिटर लावला की गोडसर वास आणि काचेवर चिकट थर : हिटर कोअर गळतोय आणि कूलंटची वाफ आत येतेय. हे लांबवू नका. कूलंट संपत गेलं तर इंजिन तापून मोठा खर्च बसतो.

आता प्रत्यक्ष तपासणी

यासाठी फार हत्यारं लागत नाहीत. एक स्क्रू ड्रायव्हर, साधा मल्टीमीटर आणि इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प. एवढ्यात काम होतं.

टेस्ट लॅम्प कशाला, मीटर आहे की, असं वाटेल. पण मीटर नावापुरताच करंट ओढतो. वायर गंजून एका तारेवर टिकलेली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन ॲम्पियरच्या आसपास ओढतो. वायर कमजोर असेल तर बल्ब मिणमिणतो किंवा पेटतच नाही. खोटं लगेच उघडं पडतं.

*पायरी पहिली : फ्यूज.* झाकणावरच्या चित्रावरून ब्लोअरचा फ्यूज शोधा. काढून उजेडात धरा, आतली पट्टी तुटली असेल तर उडालाय. तेवढ्याच ॲम्पियरचा नवा घाला. पात्यांच्या फ्यूजचा रंग बघितला तरी कळतं : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर थांबा. मोटर जाम असेल किंवा वायर कुठंतरी बॉडीला घासत असेल. तिथं मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालून गाडी चालवणं म्हणजे डॅशबोर्डच्या मागं आग लावायची तयारी. फ्यूज उडतो म्हणून वायर वाचते. फ्यूज उडायचा थांबवला की वायर जळते.

*पायरी दुसरी : कान आणि हात.* चावी ऑन करा, इंजिन बंद राहू द्या, नॉब शेवटच्या नंबरला ठेवा. ग्लोव्ह बॉक्सखाली हात घालून ब्लोअरच्या डब्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोका. फिरला तर कार्बन संपलेत. बारीक गुणगुण येतेय पण फिरत नाही, तर पंखा अडकलाय किंवा बुश जाम झालाय. अशा वेळी चावी लगेच बंद करा. अडकलेली मोटर जास्त करंट ओढते आणि तापते.

*पायरी तिसरी : मोटरचा प्लग.* प्लग काढा आणि आत बघा. प्लास्टिक वितळलंय, पिना काळ्या किंवा हिरव्या पडल्यात? मग दोष इथंच असू शकतो. प्लग स्वच्छ दिसत असेल तर नॉब शेवटच्या नंबरला ठेवून टेस्ट लॅम्पच्या दोन वायरी प्लगच्या दोन पिनांना लावा.

बल्ब लख्ख पेटला, म्हणजे करंट आणि अर्थिंग दोन्ही मोटरपर्यंत पोचतंय. तरी ती फिरत नसेल तर मोटर खराब. निकाल लागला.

बल्ब पेटला नाही तर मोटर अजून निर्दोष आहे. लॅम्पची एक वायर बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावा आणि दुसरी एकेका पिनेला लावून बघा. एका पिनेवर पेटला तर करंट येतोय, पण अर्थिंगच्या बाजूला तुटलंय. एकाही पिनेवर नाही पेटला तर करंटच येत नाही, मागं फ्यूज, रिले, स्विचकडं जा.

इथं एक खाच आहे. बऱ्याच गाड्यांत नॉबचा स्विच आणि रेझिस्टर अर्थिंगच्या बाजूला असतात. म्हणजे चावी फिरवली की मोटरला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि स्विच फक्त अर्थ जोडतो. काही गाड्यांत उलट असतं. म्हणून 'करंट येतोय म्हणजे स्विच चांगला' असं गृहीत धरू नका. अर्थिंगची पिनही तपासायचीच.

*पायरी चौथी : रेझिस्टर.* हा ब्लोअरच्या शेजारी, दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. काढला की तारेची वेटोळी किंवा छोटी सिरॅमिकची पट्टी दिसते. तार तुटलेली असेल तर डोळ्यालाच दिसते. नसेल तर मीटर ओहमवर ठेवून पिना तपासा. टप्प्याटप्प्यानं काही ओहम किंवा त्याहून कमी दाखवायला पाहिजे. कुठं जोडच लागत नसेल तर तो टप्पा गेला.

बऱ्याच रेझिस्टरवर एक छोटा थर्मल फ्यूज असतो. फार तापलं की तो कायमचा तुटतो. तिथं तुकडा जोडून 'जुगाड' करू नका. तो तुटला म्हणजे हवा कमी होती किंवा मोटर जड फिरत होती. ते कारण तसंच ठेवून नवा रेझिस्टर घातला तर तोही जातो. 'तीन महिन्यांत दुसरा रेझिस्टर' अशी तक्रार असेल तर रेझिस्टरवाल्याला बोलण्याआधी मोटर आणि फिल्टर बघा.

*पायरी पाचवी : मोटर हळू फिरत असेल तर.* प्लग जोडून, शेवटच्या नंबरला, चालत्या मोटरच्या दोन पिनांवर व्होल्टेज मोजा. मग बॅटरीवर मोजा. दोन्हीत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर करंट वाटेतच कुठंतरी अडतोय. स्विच, कनेक्टर, अर्थिंगचा बोल्ट बघा, जिथं हात लावल्यावर गरम लागेल तिथं दोष. फरक नसेल आणि तरी मोटर रडतच असेल तर मोटर थकलीय.

करंट मोजायचा असेल तर डीसी क्लॅम्प मीटर वापरा. छोट्या गाडीचा ब्लोअर पूर्ण वेगाला साधारण १० ॲम्पियरच्या आसपास ओढतो, म्हणजे हेडलाइटचे दोन बल्ब एकदम पेटवल्यासारखं. मोठ्या गाडीत आकडा याच्या बराच वर जातो. साध्या मल्टीमीटरची हद्द बहुतेक वेळा १० ॲम्पियरची असते, तो मध्ये जोडायला जाल तर मीटरचाच फ्यूज उडेल.

*पायरी सहावी : मोटर बाहेर काढून.* बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. गाडीला एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबा, आणि पिवळ्या प्लगांना हात लावू नका. तीन स्क्रू सोडले की बऱ्याच गाड्यांत मोटर खाली येते. पंखा हातानं फिरवा. हलका आणि मोकळा फिरला पाहिजे, दांडा इकडं तिकडं हलता कामा नये. मग फ्यूज लावलेल्या वायरीनं थेट बॅटरीवर चालवून बघा. मोटर घट्ट धरा, कारण ती सुरू होताना झटका देते.

दुरुस्ती करायची की बदलायची?

नुसता कचरा असेल तर साफ करून पुन्हा बसवा. बुश कोरडा असेल तर पातळ तेलाचा एखादा थेंब चालतो, पण तो उपाय तात्पुरता असतो. बुश एकदा झिजला की आवाज परत येतो. आणि कार्बनवर तेल गेलं तर चांगली मोटर बिघडते.

कार्बन बदलता येतात, पण मोटर उघडता येण्यासारखी असेल तर. शिवाजी उद्यमनगरात बारीकसारीक कामं करणारी माणसं मिळतात, ही कोल्हापूरकराची जमेची बाजू. पण कार्बन टेकतात तो आर्मेचरचा तांब्याचा भाग काळा पडून खड्डे पडले असतील, तर नवे कार्बनही फार दिवस जात नाहीत. मग मोटर बदललेली बरी. घेताना जुनी मोटर सोबत न्या. प्लग, पंख्याची दिशा आणि स्क्रूची जागा जुळवून घ्या. पंखा उलट्या दिशेचा आला तर मोटर फिरेल, पण हवा नीट लागणार नाही.

महापुरातून गेलेली गाडी असेल तर

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. या दोन पुरांत पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर गेली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, शहरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क या भागांत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाड्या पुढं दुरुस्त होऊन सेकंड हँड बाजारातही येतात.

ब्लोअर डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला असल्यानं सीटपर्यंत पाणी आलं तरी तो सापडू शकतो. पाणी सुकतं, पण गाळ राहतो. बुशमध्ये बारीक गाळ बसला की मोटर जड होते, जड झाली की जास्त करंट ओढते, मग रेझिस्टर आणि प्लग जळतात. म्हणून पुरात भिजलेल्या गाडीची चावी फिरवूच नका. आधी बॅटरी सोडा, मोटर बाहेर काढून धुवा, पूर्ण सुकवा, प्लग साफ करा आणि मगच चालवून बघा.

आणि जुनी गाडी विकत घेताना ग्लोव्ह बॉक्स काढून टॉर्च मारा. ब्लोअरच्या डब्यावर सुकलेल्या गाळाची रेघ, गंजलेले स्क्रू, हिरवे पडलेले प्लग दिसले तर गाडी पाण्यातून आलीय, हे मालकानं सांगायची गरज नाही.

घाटातच बंद पडला तर?

पहिलं, हवेचा खटका 'आतली हवा फिरवा' यावर असेल तर तो बाहेरच्या हवेवर करा. आतली हवा माणसांच्या श्वासानं दमट झालेली असते. काच बाहेरून पावसानं गार असते, त्या गार काचेला दमट हवा लागली की वाफ धरते. बाहेरची हवा उघडी ठेवली तर गाडीच्या वेगानं थोडी हवा आपोआप आत येते. हिटर गरमवर आणि दिशा पुढच्या काचेवर ठेवा.

दुसरं, दोन्ही बाजूच्या काचा बोटभर खाली घ्या. थोडं भिजाल, पण दिसेल. तिसरं, स्वच्छ सुका सुती फडका गाडीत ठेवा. तळहातानं काच पुसू नका, तेलकट डाग पडून रात्री समोरच्या लाइटमध्ये काहीच दिसत नाही. आणि तरीही दिसत नसेल तर वळण सोडून, रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागा बघून थांबा. चारही इंडिकेटर लावा.

ब्लोअर टिकवायचा असेल तर

मे महिन्यात, पावसाच्या आधी, तीन कामं करा. काचेखालच्या जाळीतली पानं काढा आणि तिथलं पाणी जायचं भोक मोकळं आहे का बघा, नाहीतर पाणी थेट ब्लोअरवर उतरतं. केबिन फिल्टर असेल तर झटका किंवा बदला. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नसतोच, तिथं पंखाच साफ करावा लागतो. आणि ब्लोअर सगळ्या नंबरवर एकेक मिनिट चालवून आवाज ऐका.

थोडक्यात, गॅरेजला गेल्यावर "ब्लोअर बंद आहे" एवढंच सांगू नका. "शेवटच्या नंबरला चालतो, बाकीच्यांना नाही" किंवा "प्लगवर बल्ब लख्ख पेटतोय, तरी मोटर फिरत नाही" असं सांगा. चांगला वायरमन असेल तर त्याचा अर्धा तास वाचतो, आणि दुसरा कुणी असेल तर नको असलेली मोटर तुमच्या गळ्यात पडत नाही.